दुसऱ्या मजल्याची बादली

मुलींच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये भाताच्या पातेल्यामागे जी बाई उभी असायची, तिला सगळ्याजणी आणखीमावशी म्हणायच्या. हे नाव तिला कुणी मुद्दाम ठेवलं नव्हतं, तिनं ते स्वतःच्या तोंडानं कमावलं होतं. ताट पुढे आलं की तिचा डाव खाली जायचा, वर यायचा, आणि मुलगी "बस, बस" म्हणेपर्यंत "आणखी थोडा घे गं, वाऱ्यानं उडून जाशील" असं म्हणत दुसरा डाव ताटात पडलेला असायचा. हाताला माप म्हणून नव्हतंच. आचारी मागून ओरडायचा, "अहो बाई, रांगेतल्या शेवटच्या पोरीला काय पातेलं चाटायला देऊ?" ही मागे वळूनही न बघता म्हणायची, "आणखी टाका की तांदूळ! तुमच्या घरचे आहेत का?" आचारी कपाळाला हात लावायचा आणि पुढच्या खेपेला मुकाट्यानं तांदूळ वाढवायचा.

बाई अंगानं ऐसपैस, गुडघ्यांनी अधू आणि जिभेनं तिखट. कुणी भरल्या ताटावरून उठलं तर काउंटरवरून हाक यायची, "काय गं, अन्नावर रुसलीस की माझ्यावर?" पण त्याच मुलीला ताप आला तर सगळे जिने चढून तिच्या खोलीवर वाटी घेऊन जाणारीही हीच. जिने चढताना शिव्या घालायची त्या गुडघ्यांना. मुलीला कधी नाही.

वाढण्याचं हे वेड आलं कुठून, तर घरातून. बाप लवकर गेला, आई कपड्यांच्या कारखान्यात पाळीवर जायची. घरात ही आणि हिच्याहून बरीच लहान बहीण. शेगडीपर्यंत हात पोचत नव्हता तेव्हापासून स्टुलावर उभी राहून ही स्वयंपाक करायची. आधी धाकटीचं ताट, मग आईसाठी झाकून ठेवायचं, आणि पातेल्यात काही उरलंच तर आपल्याला. धाकटी विचारायची, "ताई, तू?" ताई म्हणायची, "माझं झालं." झालेलं काही नसायचं. पुढे लग्न झालं, नवरा फार टिकला नाही, पोटी मूल नाही. धाकटीचा संसार मात्र दूरच्या गावी मार्गी लागला. आता अशा बाईला कुणावर माया करायची म्हटलं तर दुसरं काय येणार? ताट भरायचं, एवढंच येणार.

धाकटीला एकच मुलगी. अंगानं बारीक आणि साखरेवर जीव, म्हणून मावशी तिला लहानपणापासून मुंगी म्हणायची. या मुंगीला विद्यापीठात रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला आणि राहायला वसतिगृह मिळालं ते नेमकं मावशीचंच. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. दिसेल त्याला सांगत सुटली. आचाऱ्याला सांगितलं, रेक्टरबाईंना सांगितलं, गॅसचं सिलेंडर टाकणाऱ्या माणसालाही सांगितलं, "माझी भाची येतेय. शास्त्रज्ञ होणारे." तो बिचारा म्हणाला, "बरं, सिलेंडर कुठे ठेवू?"

पोरीला पोचवायला आलेली धाकटी परत निघाली तेव्हा बसस्टॉपवर तिनं ताईचा हात धरला. "ताई, तिचं खाणं फार बेताचं आहे हं. पुढ्यात एकदम ढीग आला की तिची भूकच मरते. थोडं थोडं..."

"हे तू मला शिकवू नकोस," ताईनं तिला मधेच तोडलं. "तुला कुणी वाढवलं? खात नाही म्हणजे काय, कुणी नीट वाढलंच नसेल! तिच्या पोटाची काळजी आजपासून सोड. ती उपाशी राहिली तर माझ्या तोंडावर थुंक."

धाकटी हसली, डोळे पुसले आणि बसमध्ये चढली. त्यानंतर दर रविवारी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "जेवते ना गं पोर?"

पहिले काही महिने बरे गेले. मुंगी मावशीच्याच रांगेत यायची, मावशी ताटात डोंगर रचायची, रश्श्यातलं अंडं, बटाटा भाताखाली लपवायची, आणि मुंगी "मावशी, पुरे गं" म्हणत हसत निघून जायची. अर्धं खायची. उरलेल्यावर वाटी पालथी घालून ताट बाहेर न्यायची. उष्ट्याचा मोठा ड्रम तेव्हा दाराबाहेर असायचा, त्यात काय पडतं ते कुणी बघत नव्हतं. मावशीला वाटायचं पोर सगळं खाते. पोर अर्धं खायची, पण तेवढं तिला पुरत होतं. असंच चाललं असतं तर काही बिघडलं नसतं.

मग ती स्पर्धा आली. विद्यापीठाच्या मागे कचऱ्याचा जो ढीग होता, त्याला आग लागली आणि धूर थेट कुलगुरूंच्या खिडकीतून आत गेला. वर्षानुवर्षं तोच धूर सफाई कामगारांच्या नाकात जात होता तेव्हा कुणाला काही सुचलं नाही, पण ते असो. कुलगुरूंना ठसका लागला आणि लगोलग फाटकावर पाटी लागली: 'कचरामुक्त आवार'. वसतिगृहा-वसतिगृहांत चुरस लावली. जे जास्त रद्दी, पुठ्ठे, बाटल्या पुनर्वापराला देतील त्यांना गुण. जे कमी अन्न टाकतील त्यांना त्याहून जास्त गुण. काय काय प्रकार झाले म्हणून सांगू! मुलांच्या वसतिगृहानं वजन वाढवायला रद्दी भिजवून आणली, टेम्पोतून पाणी ठिबकतंय आणि हे म्हणतात, "सर, दमट हवा आहे." मुलींनी रस्त्यावरच्या बाटल्या वेचून आणल्या. एवढ्या वेचल्या की पुढे बाटल्या मिळेनात, तेव्हा भरलेल्या विकत आणून ओतून रिकाम्या केल्या. शहाण्या माणसांनी मनावर घेतलं की असं होतं.

मुलींच्या वसतिगृहात रेक्टरबाईंनी मजल्या-मजल्यांतही स्पर्धा लावली. जो मजला जिंकेल त्याच्या न्हाणीघरात आधी गीझर बसणार. थंडीत गार पाण्यानं अंघोळ करणाऱ्या मुलींना याहून मोठं आमिष ते कोणतं? दाराबाहेरचा ड्रम गेला. त्याच्या जागी मेसच्या आतच, दारापाशी, दर मजल्याची वेगळ्या रंगाची बादली आली, शेजारी वजनकाटा आला, आणि भिंतीवर एक फळा. प्रत्येक मुलीनं आपलं ताट काट्याशी उभ्या मुलीला दाखवायचं, उष्टं आपल्या मजल्याच्या बादलीत टाकायचं. ताट दाखवायला आली नाही तर मजल्याचे गुण जाणार. बाहेर हादडून यायचं आणि इथे बादली रिकामी दाखवायची, ही पळवाट बंद करायला हा नियम काढला होता.

काट्याशी उभी असायची ती दुसऱ्या मजल्याची, मुंगीच्याच मजल्याची मुलगी. सगळ्या तिला काटेवाली म्हणायला लागल्या. पोरगी वाईट नव्हती. त्या जळणाऱ्या ढिगापाशी जाऊन आली होती आणि तिथे वेचणाऱ्या बायका बघून रडली होती. पण चांगल्या कामाचं वारं डोक्यात शिरलं की माणूस थोडं बहिरं होतं, तशी ती झाली होती.

पहिल्याच दिवशी मावशीनं नेहमीसारखं मुंगीचं ताट भरलं. उलट जरा जास्तच. पोरीची परीक्षा होती ना! थोड्या वेळानं दारापाशी काहीतरी गलका झाला, हसण्याचा आवाज आला. मावशीपुढे रांग होती, तिनं मान उंचावली नाही. आवरताना फळा बघितला तर दुसरा मजला सगळ्यात खाली. "हात्तिच्या," ती आचाऱ्याला म्हणाली, "आमच्या मुंगीच्या मजल्यावर कुणी माजोरी आहे वाटतं. अन्न टाकतात मेल्या."

दुसऱ्या दिवशी मुंगी रांगेत आली ती खाली मान घालून. "मावशी, अर्धाच डाव वाढ ना."

"अर्धा? का, बरं नाही का?"

"बरी आहे. पण अर्धाच. प्लीज. स्पर्धा आहे."

"स्पर्धा गेली खड्ड्यात! तुला कोण काय म्हणतंय त्याला माझ्याकडे पाठव." आणि डाव पडला. एक, मग दुसरा, आणि वर रस्सा. मुंगीच्या मागे उभी असलेली मुलगी खुसखुसली. मुंगीचं तोंड एवढंसं झालं. ते मावशीनं बघितलं आणि त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला: पोर चारचौघींत लाजते.

तिसऱ्या दिवशी मुंगी पावाच्या टेबलाकडे गेली, जिथे आपलं आपण घ्यायचं असतं. चौथ्या दिवशीही तेच. कुणीतरी तिला कोपर मारून म्हणालं, "तुझी मावशी बघतेय बघ." मुंगीनं मान फिरवली.

ते मान फिरवणं मावशीच्या काळजात रुतलं. हिला माझी लाज वाटते, तिनं ठरवूनच टाकलं. रसायनशास्त्राच्या पोरी बरोबर, आणि मावशी वाढपी. चांगलंय! जिला मी स्वतः उपाशी राहून वाढवलं, तिचीच लेक मला ओळख देत नाही. गरज सरो, वैद्य मरो! मग हिनंही अबोला धरला. मुंगी समोरून गेली की ही पातेल्यात बघायची. भात ढवळायची. ढवळून ढवळून भाताचा लगदा व्हायचा आणि आचारी म्हणायचा, "बाई, काय झालंय तुम्हाला? हा भात आहे का खळ?"

तिच्या लक्षात आलं नाही असं नाही, हे आपण स्पष्टच सांगितलेलं बरं. पोरीच्या गालाची हाडं वर आली होती. स्वेटर खांद्यावरून घसरत होता. एकदा जिन्यात कठड्याला धरून उभी होती ती मावशीनं बघितली आणि पाऊल पुढे पडलंही, पण रागानं ते मागे घेतलं. आजकालच्या पोरींना वाळकुडं दिसायची हौसच असते, असं मनाशी म्हणून ती भांडारघरात निघून गेली.

आणि रविवारी फोन यायचाच. "जेवते ना गं पोर?"

आता पोर आपल्याकडे फिरकत नाही, हे सांगायचं कोणत्या तोंडानं? बसस्टॉपवर एवढी छाती ठोकून बोललेली बाई. ती म्हणाली, "जेवते की! दुसऱ्या मजल्याची बादली येऊन बघ. दाणा नसतो."

ते खोटंही नव्हतं. दुसरा मजला फळ्यावर चढत चढत वरती आला होता. महिनाअखेरीस भिंतीवर फोटो लागले, 'स्वच्छ ताटाच्या मानकरी', आणि त्यांत पहिला फोटो मुंगीचा. दोन्ही हातांत ताट धरलेलं, आरशासारखं लख्ख. खाली लिहिलं होतं की या मुलीनं महिनाभरात एक कणही वाया घालवला नाही. मावशीचा राग तेवढ्यापुरता विरघळला. भाची शेवटी भाचीच! तिनं मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढला, दोनदा हलला, तिसऱ्यांदा नीट आला, आणि बहिणीला पाठवून दिला. वर बोलून सांगितलं, "बघ. चाटूनपुसून खाते तुझी लेक."

धाकटीचा लगेच फोन. आनंदानं तिचा आवाज चिरकत होता. "ताई, घरी अर्धं ताट टाकायची गं ही! तुझ्या हाताला काय जादू आहे? मी शेजारी सगळ्यांना दाखवलं." मावशी म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं तुला?" आणि त्या संध्याकाळी ती कित्येक दिवसांनी गुणगुणत घरी गेली.

पुढच्या आठवड्यात भांडी घासणारी बाई मुलाच्या लग्नासाठी रजेवर गेली. तिच्या जागी आळीपाळीनं सगळ्यांनी उभं राहायचं ठरलं आणि मावशीची पाळी आली. पाण्याचा हौद, साबणाचा फेस, काट्याकडून येणारी ताटांची चळत. स्पर्धेमुळे ताटं तशी स्वच्छच यायची, पण जेवलेलं ताट ते जेवलेलंच. रश्श्याचा ओघळ, तेलाचा तवंग, बोटांचे फराटे. हात फिरवला की बोटं बुळबुळीत व्हायची. मावशी घासत होती, चळत उतरत होती, आणि जेवणाची वेळ संपताना सगळ्यात वरती एक ताट येऊन पडलं. तिनं ते उचललं. ओलं होतं. त्याला साबण लावला तर हाताखाली ते कुरकुरलं. तेल नाही, मीठ नाही, काही नाही. या ताटात कुणी जेवलंच नव्हतं. नळाखाली धरून आणलेलं होतं.

तिनं वर बघितलं. मुंगी दारातून बाहेर पडत होती आणि काटेवाली फळ्यावर दुसऱ्या मजल्यापुढे शून्य लिहीत होती.

"मुंगे!" मावशीनं हाक मारली. एवढ्या दिवसांत पहिली. मुंगी थबकली नाही, उलट भराभर चालायला लागली. मावशी फेसाळ हातांनी मागे धावली. धावली कसली, गुडघे ओढत गेली. पोर जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर खाली बसली होती. डोकं गुडघ्यांत. मावशीनं तिला काखेत धरून उठवलं, तर तिचं वजन हाताला लागेना. जी बाई रोज भाताची पातेली उचलते तिला वजन कळतं. "अगं आई गं," एवढंच तिच्या तोंडून निघालं, "अगं, काय केलंस हे?"

विद्यापीठाचा दवाखाना समोरच्याच इमारतीत होता. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, डोळे बघितले, सलाईन लावली आणि मावशीला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही कोण हिच्या?"

"मावशी. मेसमध्ये वाढते मी."

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, कॉटवरच्या पोरीकडे बघितलं. मग म्हणाल्या की पोरीचं शरीर पार खचलंय, ठोके फार हळू पडतायत, आणखी थोडे दिवस गेले असते तर कठीण झालं असतं. आता एकदम पोटभर भरवायचं नाही, तेही धोक्याचं. चमच्या-चमच्यानं. आणि आईला बोलवून घ्या.

मावशी कॉटपाशी येऊन बसली. मुंगी छताकडे बघत होती. "तुला माझी लाज वाटत होती ना?" मावशीनं विचारलं. तिला अजूनही तेच वाटत होतं, काय करणार! मुंगीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू मावशी काय बोलतेय तेच तिला कळत नव्हतं. ती काही बोलणार तेवढ्यात दार उघडलं आणि काटेवाली आत आली, मागे मजल्यावरच्या दोघीतिघी. त्यांना मुंगीला चक्कर आली एवढंच कळलं होतं. काटेवाली दारातूनच म्हणाली, "अगं, लवकर बरी हो! आपला मजला पहिला आला! तुझ्यामुळे!" मग तिला सलाईन दिसली आणि तिचा आवाज खाली आला.

मावशी उठली. "तुझ्या काट्याला आग लागो!" तिचा आवाज व्हरांड्यात गेला, नर्स धावत आली. "ताटं मोजता गं तुम्ही, ताटं! पोरी कोण मोजणार? डोळ्यांसमोर वाळत गेली आणि तुम्ही तिचे फोटो लावता? गरम पाण्यासाठी जीव घ्याल कुणाचा! थू तुमच्या..."

"मावशी, तिला नको बोलूस."

मुंगीचा आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मावशी वळली.

"ती काही म्हणाली नव्हती मला. पहिल्या दिवशी सगळं तूच वाढलं होतंस. मी कुठे टाकणार होते? सगळ्यांच्या समोर बादलीत ओतलं. आपला मजला माझ्या एका ताटानं शेवटी गेला. सगळ्या हसल्या. मग तुला म्हटलं अर्धा वाढ, तर तू आणखी वाढलंस. ते मी सगळं खाल्लं. खाल्लं आणि वरती जाऊन उलटी झाली. त्या दिवशी बादली रिकामी होती, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." ती दम लागून थांबली. "पावाकडे गेले, तर तू रागावलीस. तू माझ्याकडे बघेनाशी झालीस. मग मला आत यायचीच भीती वाटायला लागली. ताट घ्यायची, धुवायची, दाखवायची. आधी भूक लागायची. मग लागेनाशीच झाली."

काटेवाली भिंतीला टेकून रडायला लागली होती. मावशीला तिला काही म्हणावंसं वाटलं नाही. ती व्हरांड्यात गेली, पदराला हात पुसले. साबण अजून सुकला नव्हता. मोबाईल काढला.

धाकटीनं उचलला आणि नेहमीचा प्रश्न विचारायच्या आधीच तिचा आवाज बदलला. "ताई? आज रविवार नाही. काय झालं?"

बाई आयुष्यात कधी बोलायला अडली नव्हती. आता अडली. मग एका दमात म्हणाली, "पोर जेवत नाहीये. महिन्यावर झालं. तो फोटो खोटा होता, म्हणजे फोटो खरा, ताट रिकामंच होतं. ती माझ्याकडे जेवतच नव्हती आणि मी तुला जेवते म्हणत होते. दवाखान्यात आहे. जिवाला आता धोका नाही म्हणतात. तू ये."

पलीकडून "निघते," एवढाच शब्द आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आली. मावशी सकाळपासून फाटकापाशी खेपा घालत होती. बहीण काय काय बोलेल ते सगळं तिनं मनात म्हणून ठेवलं होतं, आणि प्रत्येकाला उत्तर एकच होतं, होय, माझंच चुकलं. पण धाकटीनं पिशवी तिच्या हातात दिली आणि विचारलं, "कुठल्या खोलीत?" बस्स.

आत जाऊन ती लेकीच्या कॉटवर बसली. कपाळावरून हात फिरवला. मग तिनं विचारलं, "काही खावंसं वाटतंय?"

"नाही."

"बरं," धाकटी म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.

मावशी दारात उभी होती. तिच्या जिवाची तगमग होत होती. बरं काय, बरं? पोर मरायला टेकली होती आणि ही बरं म्हणते! मेसमधून तिनं स्वतः मऊ भात करून आणला होता, कॉटपाशी डब्यात तो निवून चालला होता. पण ती दारातून हलली नाही. किती तरी वेळानं मुंगी म्हणाली, "काय आहे त्या डब्यात?" धाकटीनं डबा उघडला, वाटीत थोडा काढला, चमचा तिच्याच हातात दिला. मुंगीनं एक चमचा खाल्ला. थांबली. दुसरा खाल्ला. आणि वाटी पुढे सारली.

"अगं, एवढाच? आणखी थोडा..." मावशी आत सरसावली, हात डब्याकडे गेलासुद्धा. मुंगीनं अंग चोरलं. भिंतीकडे सरकली ती, अगदी एवढीशी सरकली, पण दोघी बहिणींनी ते बघितलं.

धाकटी उठली आणि ताईला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. दार लोटलं. मावशीला वाटलं, आता बोलेल. बोलून टाक बाई, म्हणजे माझं ओझं उतरेल.

"ताई," धाकटी म्हणाली, "तू इथे आहेस म्हणून मला रात्री झोप लागायची गं."

ती ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं फक्त सांगितलं.

"मी तिला घरी घेऊन जाते. डॉक्टरांशी बोलले मी."

"परत पाठवशील ना?" मावशीनं विचारलं. "शिक्षण बुडायचं तिचं. मी दुसरीकडे काम बघते हवं तर. मी मेसमध्ये नसले तर ती..."

"बघू," धाकटी म्हणाली आणि आत गेली. दार तिच्यामागे अर्धवट लागलं.

आतून आईच्या पुटपुटण्याचा आवाज येत होता. मावशीचा हात दारावर गेला. एरवी ती कुठल्याही खोलीत हाक न मारता, दार न वाजवता घुसायची, हातात वाटी आणि तोंडात बडबड घेऊन. आज हात दारावर तसाच राहिला.

"मुंगे," तिनं बाहेरूनच विचारलं, "मी आत येऊ का गं?"

आतून उत्तर येईपर्यंत तिनं दार ढकललं नाही.